ताई, टाकी कुठंय?

गंगापूर रोडवरच्या पेट्रोल पंपावर माझा दर वेळी एकच शो होतो. मी गाडी लावते. पंपावरचा नवा पोरगा नोझल घेऊन मागे जातो. उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो. झाकण नाही. ‘‘ताई, टाकी कुठंय?’’ तोवर मी उतरून पुढचं बॉनेट उघडलेलं असतं. तो घाबरतो. ‘‘बंद पडली का? बाजूला घ्या ना, मागं लाइन लागलीय.’’ मग मी त्याला आत बोट दाखवते. पेट्रोल पुढून भरायचं. इंजिन मागे, सीटखाली. डिकी आहे, पण ती बाहेरून उघडत नाही, मागचं सीट पाडून आतून जावं लागतं. पोरगा माझ्याकडे असा बघतो, जणू ही गाडी मीच सुट्टीत घरी बसून जोडलीय.

तर, आमच्याकडे नॅनो आहे. २०१० ची, सगळ्यात खालचं मॉडेल. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, वायपर एकच. डावीकडे आरसा नाही, त्यामुळे आमचा डावा आरसा म्हणजे आई. ‘‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे... अरे थांब!’’ घेतली तेव्हा गाडी पांढरी होती, आता दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाची आहे. येत्या महिन्यात तिच्या रजिस्ट्रेशनला १५ वर्षं पूर्ण होतायत आणि घरात पार्ट्या पडल्यात. आई आणि दादा म्हणतात, भंगारात द्या. मी म्हणते, ठेवा. पप्पा काहीच म्हणत नाहीत. यातली गंमत अशी की, या गाडीची घरात सगळ्यात जास्त लाज मलाच वाटायची. त्यावर येतेच.

आधी गाडी आली कशी, ते. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटांनी नॅनो दाखवली. किंमत १ लाख. भर पावसात एका स्कूटरवरून चौघांचं कुटुंब जाताना पाहिलं आणि त्यातून ही गाडी सुचली, असं ते सांगायचे. आता ते कुटुंब आम्ही नव्हतो, पण सीन डिट्टो आमचा. पप्पांची स्कूटर, पुढे हँडल धरून उभी मी, मध्ये सँडविच झालेला दादा, मागे एका बाजूला बसलेली आई आणि तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. पाऊस आला की, पप्पा मला रेनकोटच्या आत घ्यायचे. मग रस्ता दिसायचा नाही, फक्त आतून बटणं दिसायची.

एप्रिल २००९ मध्ये बुकिंग सुरू झालं. २ लाखांहून जास्त लोकांनी नंबर लावला आणि पहिल्या १ लाख गाड्या कोणाला द्यायच्या, हे चक्क सोडत काढून ठरलं. म्हाडाच्या घरांसारखं. पप्पांना आयुष्यात एकच लॉटरी लागली, ती ही. कारखाना मधल्या काळात पश्चिम बंगालमधल्या सिंगूरमधून गुजरातमधल्या साणंदला हलवावा लागला होता, त्यामुळे वाट बघणं आलंच. गाडी आली त्या दिवशी आईने नारळ फोडला, आणि गल्लीतली पोरं आलटून-पालटून आत बसून गेली.

पहिल्या सहा महिन्यांतच नातेवाईक कामाला लागले. सुरुवातीच्या काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्यामुळे आत्या बसायच्या आधी विचारायची, ‘‘पेटत नाही ना रे ही?’’ आणि मग सगळ्यात आधी तीच खिडकीची जागा पकडायची. काकांनी तिचं नाव ‘साबणाची डबी’ ठेवलं. पण लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या, तेव्हा रविवार कारंजापासून सराफ बाजारापर्यंत त्यांना हीच डबी लागली, कारण त्यांची लांबलचक सेदान त्या गल्ल्यांत शिरत नव्हती. ३.१ मीटर लांबीची गाडी कुठेही मावते राव. दोन बुलेटच्या मधल्या जागेत मी ती लावलीय. आता दरवाजा उघडता येईना म्हणून मी आतच अडकले, हा भाग वेगळा.

पंक्चरचा किस्सा तर सांगायलाच हवा. द्वारका सर्कलच्या पुढे चाक बसलं. पंक्चरवाल्या काकांनी चाक खोललं, नट मोजले, परत मोजले, मग गाडीखाली वाकून शोधायला लागले. ‘‘ताई, एक नट पडला बघा कुठंतरी. तीनच भरतायत.’’ मी म्हटलं, ‘‘काका, हिला तीनच असतात.’’ चारऐवजी तीन नट, दोनऐवजी एक वायपर, असं एकेक कमी करत किंमत खाली आणलीय, हे मी त्यांना समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मग एक चाकपण कमी करायचं ना. रिक्षा झाली असती.’’

घाटाचं विचारू नका. ६२४ सीसी इंजिन, ताकद ३५ पीएसच्या आसपास. कॉलेजच्या पार्किंगमधली ड्यूक ३९० एकटी याच्यापेक्षा जास्त ताकद काढते. चौघांच्या गाडीत आम्ही पाच जण सप्तशृंग गडाला निघालो, त्यात मामा नव्वद किलोचा. चूक गाडीची अजिबात नाही. नांदुरीचा चढ सुरू झाला, पहिला गिअर लागला आणि सगळे आपोआप पुढे झुकून बसले, जणू त्याने वजन कमी होणार होतं. दुसऱ्या वळणावर मामा म्हणाला, ‘‘भाऊजी, मी उतरतो, तुम्ही व्हा पुढे.’’ त्याने मागून येणारी जीप पकडली. आम्ही वर पोहोचलो, तेव्हा तो चहा पिऊन दुसरा मागवत होता.

आता लाजेचं. आठवीत असताना पप्पा मला शाळेत सोडायचे. गेटवर मोठ्या गाड्यांची रांग असायची आणि मधेच आमची डबी. मागून कोणीतरी हळूच हॉर्नचा आवाज काढायचं, पीं पीं. एक दिवस मी म्हटलं, ‘‘पप्पा, मला त्या झेरॉक्सच्या दुकानाजवळच सोडा, मला पेन घ्यायचाय.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन. तिसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आधीच पप्पांनी झेरॉक्सच्या दुकानाजवळ गाडी थांबवली. दहावीपर्यंत तिथेच थांबवली. एकदाही काही विचारलं नाही. माझ्याकडे तेव्हा किमान वीस पेन असतील.

गाडी छोटी आहे, म्हणून मी लाजत होते, असं मला तेव्हा वाटायचं. ते खरं नव्हतं, हे गेल्या वर्षी कळलं. आमच्या बॅचमधला एक जण एमजी कॉमेट घेऊन आला. दोनच दरवाजे, इलेक्ट्रिक, आणि लांबीला आमच्या नॅनोपेक्षाही कमी. २०२३ मध्ये ती आली, तेव्हा किंमत ८ लाखांच्या जवळ होती. अख्खं कॉलेज तिच्याभोवती. ‘‘कसली क्यूट आहे यार!’’ सेल्फी, रील, सगळं. शेजारीच आमची नॅनो उभी. तिच्या बॉनेटवर टेकूनच लोक कॉमेटचे फोटो काढत होते. छोटी आणि महाग असली की क्यूट, छोटी आणि स्वस्त असली की साबणाची डबी. ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ अशी ओळख पडली, हे दुर्दैवी होतं, असं नंतर रतन टाटांनीही बोलून दाखवलं होतं. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण ती स्वस्त आहे, हे शेजाऱ्यांना कळायला नको होतं. जून २०१८ मध्ये तर अख्ख्या महिन्यात एकच नॅनो बनली. पुढे ती बंदच झाली.

मी स्वतः ती चालवायला लागले ते सेकंड इयरला, आणि तेही नाइलाजाने. ग्रुप असाइनमेंट, रात्री दहापर्यंत शूटिंग, एक ट्रायपॉड, दोन लाइट, चार माणसं. रिक्षाचे पैसे कोण देणार? पेट्रोल शंभरीपार, पण हिला लिटरमागे वीसच्या आसपास मिळतात. चौघांत वाटले की, वडापावाएवढे पडतात. ट्रायपॉड मागच्या सीटवरून पुढच्या दोघांच्या मधून थेट डॅशबोर्डपर्यंत येतो, म्हणजे गिअर टाकताना आधी ट्रायपॉडची परवानगी घ्यावी लागते. माझ्या वाढदिवसाला वर्गातल्या पोरांनी पुढून गाडी उचलली (इंजिन मागे असल्याने पुढची बाजू हलकी) आणि दोन झाडांच्या मध्ये आडवी करून ठेवली. केक कापला, फोटो काढले. मग लक्षात आलं की, ती परत सरळ करायला तेवढीच पोरं लागणार, आणि निम्मी तोवर क्लासला निघून गेली होती. त्या दिवशी मी सिटी बसने घरी.

आणि एकदा हेडलाइट चालू ठेवून मी लेक्चरला गेले. बॅटरी साफ उतरली. पार्किंगमध्ये धक्का मारायला पहिला कोण आला? कॉमेटवाला. म्हणाला, ‘‘तुझी धक्क्याने तरी चालू होते. माझी नसती झाली.’’

२०२२ मध्ये रतन टाटा मुंबईच्या ताजमध्ये नॅनोतून आले, तो व्हिडिओ आठवतो? पप्पांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. कॅप्शन नाही, इमोजी नाही. काकांनी अंगठा दिला.

तर आता प्रश्न १५ वर्षांचा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, मग आरटीओत तपासणी होऊन पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून मिळतं. ही फी आधी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. वर पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स. दादाने एक्सेलची शीट करून दाखवली की, एवढ्या पैशांत सेकंड हँड गाडीचं डाउन पेमेंट होतं. भंगारवाला येऊन बघून गेला. त्याने जो आकडा सांगितला, तो माझ्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कमी होता. पप्पांनी त्याला चहा दिला आणि ‘‘कळवतो’’ म्हणाले. पप्पा ज्याला ‘‘कळवतो’’ म्हणतात, त्याला ते कधीच कळवत नाहीत.

मी पहिल्या स्टायपेंडमधले ५,००० त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी मोजले. म्हणाले, ‘‘पेनाला नको का ठेवायला?’’

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. नऊ वर्षं.

मला काही बोलायला सुचलं नाही. ते उठून गाडीचं बॉनेट पुसायला गेले.

पुढच्या मंगळवारी पेठ रोडला आरटीओत तारीख आहे. दादाने रिव्हर्स घेताना शेजाऱ्यांच्या भिंतीवर फोडलेला मागचा लाइट तोवर बदलायचाय. गाडी मी चालवणार, पप्पा डावीकडे बसणार. म्हणजे मंगळवारपुरता डावा आरसा तेच.