विमानतळाभोवतीचे ४०० मीटर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तापाने फणफणलेल्या चोवीस वर्षांच्या मुलाला त्याची आई आमच्या सरकारी रुग्णालयात घेऊन आली. मुलगा पालीचा. राजगड चढताना पाली दरवाजाची वाट धरलेल्यांना वेल्हे तालुक्यातले, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातले, हे गाव ठाऊक असेल. भाताची खाचरे, डोक्यावर गड आणि पावसाळ्यात सतत धुके. ‘‘सायेब, तीन दिस झालं, ताप हटंना. डोळ्यांमागं लई दुखतंय म्हणतोय,’’ आई सांगत होती. तपासणीत डेंग्यू निघाला.

मी नेहमीचा प्रश्न विचारला : गेल्या दोन आठवड्यांत कुठे होतास? तो म्हणाला, ‘‘इमानतळाच्या कामावर.’’ राज्यातल्या एका विमानतळाच्या बांधकामावर तो ठेकेदाराकडे फरशी बसवायला होता. राहायला कुंपणाबाहेर पत्र्याच्या खोल्या. पाण्याचा टँकर दिवसाआड येई, म्हणून प्रत्येक खोलीसमोर उघडे पिंप. त्याच्या रांगेतले आणखी चौघे तापाने आजारी होते. अंग मोडून आले तेव्हा त्याने एसटी पकडून गाव गाठले. आजारी माणूस घरीच येणार, त्यात त्याची चूक नाही.

मला मात्र काळजी लागली ती घराची. पालीच्या त्या घरात त्याची वहिनी सात महिन्यांची गरोदर होती. आशा सेविकेला फोन केला. तिने दुसऱ्याच दिवशी घर आणि शेजार तपासला. पागोळीखाली लावलेल्या तीनपैकी दोन पिंपांत अळ्या वळवळत होत्या. गावात डास तयार होते, विषाणू तेवढा बाहेरून यायचा बाकी होता. तो आता एसटीने आला होता.

दाराशी येणारा आजार

विमानतळ म्हटले की आपल्याला धावपट्टी, टर्मिनल, सुरक्षा तपासणी आठवते. ‘विमानतळाची देखभाल’ म्हणजे दिवे, सरकते जिने आणि चकचकीत फरशी, असा आपला समज असतो. पण विमानतळ हा देशाचा दरवाजा आहे आणि दरवाजातून माल व माणसांसोबत आजारही येतात, हे जुने ज्ञान आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे पहिले रुग्ण सापडले ते बंदराला लागून असलेल्या मांडवीत. तिथे धान्याची गोदामे होती, गोदामांत उंदीर होते आणि आजूबाजूच्या दाटीवाटीच्या चाळींत कामगार राहत होते. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो आजार ओळखला. पुढे तो पुण्यापर्यंत आणि देशभर पसरला. आजार बंदरावर उतरला खरा, पण वाढला तो बंदराशेजारच्या वस्तीत.

विमाने आल्यावर हीच भीती नव्या रूपात उभी राहिली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, हा जीवघेणा आजार आहे. तो ‘एडीस इजिप्ती’ या डासामुळे पसरतो. हा डास भारतात भरपूर आहे, पीतज्वराचा विषाणू मात्र इथे नाही. जहाजाच्या लांबलचक प्रवासात आजारी माणूस वाटेतच लक्षात येई. विमानाने तो ताप चढण्याआधीच मुक्कामी पोहोचू लागला. म्हणून १९३३ मध्ये हेग येथे हवाई वाहतुकीसाठी पहिला आंतरराष्ट्रीय आरोग्य करार झाला. आजही पीतज्वराच्या देशांतून भारतात येणाऱ्याकडे लशीचे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होते आणि आता आयुष्यभर चालते. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. पुष्कळांना हा सरकारी छळ वाटतो. पण आपल्या अंगणातला डास आणि तो विषाणू यांची गाठ पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

कधी कधी माणसाऐवजी डासच विमानात बसतो. १९९४ च्या कडक उन्हाळ्यात पॅरिसच्या रोआसी विमानतळाच्या परिसरात सहा जणांना मलेरिया झाला. आफ्रिकेतून विमानाने आलेले डास त्यांना चावले होते. वैद्यकशास्त्रात या प्रकाराला ‘विमानतळ मलेरिया’ असेच नाव आहे. अशा रुग्णाने परदेश प्रवास केलेला नसल्याने डॉक्टरांच्या मनात मलेरिया लवकर येत नाही आणि उपचाराला उशीर होतो.

४०० मीटर कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ साली मंजूर झाले आणि जून २००७ पासून लागू झाले. भारत त्यांना बांधील आहे. ठरवून दिलेल्या विमानतळांवर स्वच्छ पिण्याचे पाणी, सुरक्षित अन्न, स्वच्छतागृहे, कचरा व सांडपाण्याची विल्हेवाट, आजारी प्रवाशाची तपासणी आणि त्याला रुग्णालयात हलवण्याची सोय असावी, असे हे नियम सांगतात. त्यांतच एक कलम डास, उंदीर अशा रोगवाहकांबद्दल आहे. प्रवासी, विमाने, माल आणि टपाल यांची ये-जा होते त्या जागांपासून किमान ४०० मीटरपर्यंत रोगवाहकांचे नियंत्रण करावे, असे ते म्हणते. मुंबईसारख्या विमानतळांवर केंद्र सरकारची विमानतळ आरोग्य संघटना हे काम पाहते.

एडीस डास फार लांब उडत नाही. ज्या भांड्यात जन्मला, त्याच्या काहीशे मीटरच्या आतच तो आयुष्य काढतो. त्यामुळे ४०० मीटरचे वर्तुळ डासमुक्त राहिले तर बाहेरून आलेला विषाणू तिथेच अडकतो आणि इथला विषाणू विमानात चढत नाही. साधा आणि शहाणा नियम आहे.

पण पालीच्या मुलाची खोली या हिशेबात कुठे बसते? नियम चालू विमानतळाचा विचार करतो. बांधकाम सुरू असताना तिथे प्रवासी नसतात, विमान नसते, म्हणून आरोग्य अधिकारीही नसतो. तरी डासांना हवे ते सगळे असते : पाया खणलेले खड्डे, सिमेंटवर मारायच्या पाण्याच्या टाक्या, लिफ्टचे खड्डे, ताडपत्रीच्या घड्यांत साचलेले पाणी, टाकून दिलेले टायर आणि कामगारांचे उघडे पिंप. एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. पाणी मिळाले की आठ-दहा दिवसांत डास तयार. पुढे विमानतळ सुरू होतो, वर्तुळ आखले जाते, पण झाडू मारणारे, सामान उचलणारे, टॅक्सीवाले यांची वस्ती बहुधा वर्तुळाच्या रेषेबाहेरच वसते. ती माणसे मात्र रोज आत-बाहेर करतात. डासाला ४०० मीटरची मर्यादा आहे, तापलेल्या माणसाला नाही.

पुणे जिल्ह्याने घ्यायचा धडा

हे आत्ता लिहिण्याचे कारण आहे. महाराष्ट्रात विमानतळांची कामे जोरात आहेत. लोहगावच्या हवाई दलाच्या तळावर चालणाऱ्या पुणे विमानतळाचे नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पुरंदर तालुक्यात पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या गावांच्या परिसरात नवा विमानतळ नियोजित आहे. त्यासाठी जमीन देण्यास तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. तो प्रश्न डॉक्टरने सोडवायचा नाही. पण विमानतळ झालाच, तर तो कशा पद्धतीने व्हावा, यात डॉक्टरचे म्हणणे असायला हवे.

कारण याच पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरातही झिकाचे रुग्ण आढळले. झिका बहुतेकांना सौम्य ताप आणि पुरळ देऊन जातो, अनेकांना कळतही नाही. मात्र गरोदर स्त्रीला झाला तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणूनच फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने झिकाबाबत जागतिक आणीबाणी जाहीर केली होती. झिका, डेंग्यू, चिकुनगुनिया, पीतज्वर या चारही आजारांचा वाहक तोच एडीस. पालीच्या वहिनीची मला इतकी धास्ती वाटली ती यामुळेच. गरोदरपणात डेंग्यूही धोक्याचा आणि मुलाला डेंग्यूऐवजी झिका असता तर?

आराखड्यात काय हवे?

डासांचा बंदोबस्त नंतर धूर मारून करण्यापेक्षा आधी नकाशावर करणे स्वस्त पडते. छपरांना पुरेसा उतार आणि पन्हळी साफ करायला चढता येईल अशी वाट हवी. प्रत्येक टाकीला घट्ट झाकण आणि हवेच्या नळीला जाळी हवी. आग विझवण्यासाठी कायम पाणी साठवावे लागते तिथे गप्पी मासे सोडता येतात. बांधकामाचे खड्डे आठवड्यातून एकदा रिकामे करण्याची अट ठेकेदाराच्या करारातच असावी आणि ते तपासण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर असावी. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हणजे कुणाचीच नाही, हे सरकारी नोकरीत मी पुरते शिकलो आहे.

सगळ्यात महत्त्वाचे कामगारांच्या वस्तीचे. तिथे रोज नळाला पाणी आले तर पिंप भरून ठेवण्याची वेळच येत नाही. ज्या वस्तीला दिवसाआड टँकर, तिथे ‘पाणी साठवू नका’ असा फलक लावणे ही थट्टा आहे. वस्तीत तापाच्या रुग्णांची नोंदवही हवी. एका आठवड्यात एकाच रांगेतले पाच जण तापाने पडले, ही गोष्ट त्या वहीत दिसली असती तर आरोग्य पथक तिथेच पोहोचले असते. मला ती पालीच्या मुलाकडून कळली, तोवर तो गावी आला होता.

यात अभियंत्यांचाही फायदा आहे. साचलेले पाणी आणि कचरा डासांना बोलावतात तसेच घारी-बगळ्यांनाही. पक्षी विमानावर आदळून अपघात होऊ नयेत म्हणून विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास आपल्याकडे कायद्याने मनाई आहे. म्हणजे एकाच निचऱ्याने आणि एकाच झाडलोटीने वैमानिकाचीही काळजी मिटते आणि डॉक्टरचीही.

आपले स्वतःचे वर्तुळ

विमानतळापासून दूर राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. डास दूर जात नाही, याचा अर्थ तुम्हाला चावणारा एडीस बहुधा तुमच्याच घरात किंवा शेजारी जन्मलेला असतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. पिंप, रांजण, कूलर, फ्रीजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून कडा घासून काढा. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी कडेला तशीच राहतात. हा डास दिवसा चावतो, म्हणून तापाच्या रुग्णाला दुपारीही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डासच पुढच्या माणसाकडे आजार नेतो.

प्रवासाहून आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर कुठे गेला होतात, कुठे राहिला होतात, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरला की लोक निश्चिंत होतात. पण धोक्याचा काळ तोच असतो. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त, कमालीची ग्लानी किंवा अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा.

पालीचा मुलगा आठवड्याने बरा झाला. वहिनीला ताप आला नाही, तिचे बाळंतपण सुखरूप झाले. पण मुलगा गावी आल्यापासून सतराव्या दिवशी शेजारच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी डेंग्यूने दाखल झाली. पिंप उपडे केल्याने अळ्या मेल्या होत्या, उडत असलेले डास राहिले होते. विषाणू डासाच्या अंगात तयार व्हायला आठ ते बारा दिवस आणि माणसात लक्षणे दिसायला पुढे चार ते सात दिवस. हिशेब अचूक जुळला. चार दिवस सलाइनवर काढून तीही घरी गेली.

महिन्याने त्या मुलाचा फोन आला. पुन्हा त्याच कामावर हजर झाला होता. म्हणाला, ‘‘सायेब, आमच्या रांगेतलं पिंप आम्ही रविवारी घासतो. टाकीला झाकण मागितलंय ठेकेदाराकडं.’’

‘‘मग?’’

‘‘बघू म्हनलाय.’’