बिअर डबाबंदीतील कार्बन डाय-ऑक्साइडाची बचत

बिअर ॲल्युमिनियमाच्या कॅनमध्ये (डब्यात) भरताना तिचा हवेशी संपर्क टाळण्यासाठी व तिच्यातील वायू टिकविण्यासाठी कार्बन डाय-ऑक्साइड वापरतात. बिअरची प्रत न बिघडविता या वायूचा खप कमी करण्याच्या उपायांची माहिती प्रस्तुत नोंदीत दिली आहे. कॅनमधील बिअर प्रथम २४ जानेवारी १९३५ रोजी अमेरिकेतील रिचमंड (व्हर्जिनिया) येथे विक्रीस आली. महाराष्ट्रात तळोजे (जि. रायगड) व छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे बिअरचे कारखाने असून तळोजे येथे पेयांचे ॲल्युमिनियमी कॅनही तयार होतात.

वायूचा उगम व खप : किण्वनात (आंबण्याच्या क्रियेत) यीस्टमुळे शर्करेपासून अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड जवळजवळ सारख्याच वजनाचे तयार होतात. सर्वसाधारण १०० लि. बिअरमागे सु. ४ किग्रॅ. वायू निर्माण होतो. तिच्यात विरघळून राहतो तो मात्र सु. ०·५ किग्रॅ. होय. लहान कारखान्यांत उरलेला वायू बहुधा हवेत सोडला जातो आणि डबाबंदीसाठी तोच वायू विकत आणावा लागतो. विकतचा वायू पुष्कळदा अमोनिया निर्मितीतील उपपदार्थ असतो. त्यामुळे खत कारखाने बंद राहिल्यास त्याची टंचाई होते. २०१८ मध्ये यूरोपात व २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये तशी टंचाई जाणवली.

ऑक्सिजनाच्या अत्यल्प अंशानेही बिअरला शिळी चव येते. म्हणून रिकाम्या कॅनमधील हवा वायूच्या झोताने हुसकतात. ५०० मिलि. बिअरमध्ये सु. २·५ ग्रॅ. वायू विरघळलेला असतो. कॅनच्या आकारमानाच्या तिप्पट वायू झोतासाठी वापरल्यास सु. २·७ ग्रॅ. वायू लागतो. म्हणजे बिअरमध्ये राहतो त्याहून अधिक वायू केवळ हवा घालविण्यात खर्च होतो.

बचतीचे उपाय : (१) तापमान : एक वातावरण दाबाखाली पाण्यात ०° से.ला त्याच्या आकारमानाच्या १·७ पट, तर ३०° से.ला केवळ ०·६७ पट वायू विरघळतो. कोकणच्या उष्ण हवेत नळ व भरणयंत्र थंड नसल्यास बिअर फेसाळून वायू व बिअर दोन्ही वाया जातात. यासाठी ती ०° ते २° से.ला भरतात. (२) झोताचे नियंत्रण : हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने लांब नळीने तळाशी संथपणे सोडल्यास हवा वर लोटली जाते. कॅन नळीखाली असतानाच झडप उघडेल अशी योजना करतात. (३) फेसाचा उपयोग : बिअरचाच बारीक फेस काठापर्यंत आणून त्यावर झाकण बसविल्यास वरच्या पोकळीतील हवा निघून जाते. (४) टाकीतील हवा काढणे : वायू व हवा पूर्ण मिसळत असल्यास ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०·१ टक्क्यावर आणण्यास टाकीच्या पाचपटींहून अधिक वायू लागतो. टाकी प्रथम वायुविरहित पाण्याने भरून ते वायूने बाहेर लोटल्यास एकपट वायू पुरतो. (५) पुनर्प्राप्ती : किण्वनटाकीतून निघणारा वायू धुऊन, सुकवून, शुद्ध करून व दाबाखाली थंड करून द्रवरूपात साठवितात. सुरुवातीचा हवामिश्रित वायू मात्र सोडून द्यावा लागतो.

मर्यादा : नळ व टाक्या हवामुक्त करण्यास नायट्रोजन चालतो, तथापि बिअर त्याच्या संपर्कात दीर्घकाळ राहिल्यास तिच्यातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो. पाण्याचा उपाय पाणीटंचाईच्या प्रदेशात महाग पडतो. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाणीपुरवठ्यात कपात करण्याचा आदेश दिला होता. तेव्हा असे पाणी साठवून पुन्हा वापरणे श्रेयस्कर ठरते. पुनर्प्राप्तीची यंत्रसामग्री लहान कारखान्यांना सहसा परवडत नाही.

वायूची काटकसर अंदाजाने करणे हिताचे नसते. बंद कॅनमधील ऑक्सिजन मोजत झोत टप्प्याटप्प्याने कमी करतात व ऑक्सिजन वाढू लागताच थांबतात. कारण वाचलेल्या काही ग्रॅम वायूपेक्षा बिघडलेली बिअर फार महाग पडते. गळती रोखणे हे कामगारांच्या सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. हा जड वायू सखल व बंदिस्त जागी साचून गुदमरण्याचा धोका असल्याने तेथे वायुवीजन व वायुमापक ठेवतात.