डेबी वॉटसन : एका सुवर्णपदकासाठी परतलेली खेळाडू

वॉटर पोलो हा भलताच दमछाक करणारा खेळ. एका बाजूला सात जणी. गोलरक्षक सोडून कुणालाही तळाला पाय टेकता येत नाहीत, चेंडूही एकाच हाताने हाताळायचा. ताक घुसळणाऱ्या रवीसारखे पाय गरगर फिरवत कमरेपर्यंत पाण्याबाहेर यायचे आणि नेम धरायचा. पाण्याखाली चालणारी ओढाताण प्रेक्षकांना दिसतही नाही!

पुरुषांचा हा खेळ १९०० सालीच पॅरिस ऑलिंपिकमध्ये आला. बायकांना मात्र तब्बल शंभर वर्षे थांबवून ठेवण्यात आले. त्यात कित्येक गुणी खेळाडूंची उमेदीची वर्षे वाया गेली. ऑस्ट्रेलियाची डेबी वॉटसन त्यांतलीच एक.

१९८६ मध्ये माद्रिदच्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या वॉटर पोलोला प्रथमच अधिकृत स्थान मिळाले आणि ऑस्ट्रेलियाने विजेतेपद पटकावले. डेबी त्या संघात होती. त्या काळातल्या जगातल्या उत्तम खेळाडूंत तिची गणना होई. पण ऑलिंपिकचे दार बंदच होते. अखेर डेबी निवृत्त झाली.

२००० चे ऑलिंपिक सिडनीला होणार हे ठरले, तेव्हा घरच्याच मैदानावर पुरुषांचा संघ खेळणार आणि महिलांनी गॅलरीत बसून टाळ्या वाजवायच्या, हे ऑस्ट्रेलियाच्या मुलींना मानवणारे नव्हते. अर्ज-विनंत्यांनी भागेना, तेव्हा संघातल्या काही जणी पोहण्याच्या पोशाखात, डोक्यावर कान झाकणाऱ्या टोप्या चढवून थेट सिडनीच्या विमानतळावर गेल्या आणि ऑलिंपिक पदाधिकाऱ्यांसमोर उभ्या ठाकल्या. जरा धिटाईच ही, पण लाजून गप्प बसल्या असत्या तर कुणी विचारले असते? १९९७ मध्ये महिलांच्या वॉटर पोलोला मान्यता मिळाली. मात्र संघ फक्त सहा!

डेबी पुन्हा पाण्यात उतरली. पस्तिशीच्या उंबरठ्यावर, विशीतल्या मुलींच्या बरोबरीने सराव करून तिने संघात जागा मिळवली.

२३ सप्टेंबर २०००. अंतिम सामना, समोर अमेरिका. ऑस्ट्रेलिया ३-२ ने पुढे. अवघी तेरा सेकंदे उरली असताना अमेरिकेच्या ब्रेंडा व्हिलाने बरोबरी साधली. आता जादा वेळ, असे सगळे धरून चालले होते. तेवढ्यात ऑस्ट्रेलियाला फ्री थ्रो मिळाला. इव्हेट हिगिन्सने लांबूनच चेंडू भिरकावला आणि तो जाळ्यात गेला. घड्याळात १.३ सेकंद शिल्लक होते! ४-३. महिला वॉटर पोलोचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक यजमानांकडेच राहिले आणि विश्वविजेतेपदानंतर चौदा वर्षांनी डेबीच्या गळ्यात ते पडले.

यजमानपदाचा फायदा पुढे जपानच्या मुलींनाही झाला. आशियात चीनसमोर त्यांची डाळ शिजत नव्हती. तोक्योचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, तेव्हा यजमान म्हणून त्यांना प्रथमच प्रवेश मिळाला. २४ जुलैला पहिलाच सामना बलाढ्य अमेरिकेशी, तोही कोरोनामुळे रिकाम्या गॅलरीसमोर. निकाल २५-४. त्या स्पर्धेत महिलांचे दहा संघ होते, पुरुषांचे बारा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मात्र दोन्हीकडे बारा-बारा संघ जाहीर झाले आहेत.