रात्री आजी, सकाळी वॉर्ड

साडेचारला कॉलेज सुटलं की कुडाळहून सावंतवाडीची एसटी पकडायची. आठच्या आत आजींच्या घरी पोचायचं. त्यांना भरवायचं, गोळ्या द्यायच्या, डायपर बदलायचं आणि मग रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. सकाळी सातला दिवसपाळीच्या मावशी आल्या की आंघोळ, पुन्हा एसटी, पुन्हा कुडाळ आणि नऊला वॉर्डात हजर. माझं घर आंबोलीला. तिथे जायचं फक्त रविवारी, तेही घाटात दरड आली नसेल तर.

नर्सिंगची पहिली दोन सेमिस्टर्स मी अशी काढली. तुमच्यातले काही जण आत्ता हेच करत असतील. बारावीनंतर कुणाच्या तरी आजी-आजोबांना सांभाळायचं काम धरलं, मग नर्सिंगला नंबर लागला आणि आता प्रश्न पडलाय की काम ठेवायचं की सोडायचं. घरचे म्हणतात, 'अनुभवच मिळतोय ना!' मैत्रीण म्हणते, 'वेडी आहेस का?' दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून तर ठरत नाही.

आपल्या भागात हे काम मिळतं मात्र पटकन. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. पोरं मुंबईला, पुण्याला, गोव्याला. आणि मागे मोठ्या घरात एक म्हातारी. गणपतीत आणि मे महिन्यात घर भरतं. बाकीचे दिवस तिला बघायला कुणीतरी लागतंच, आणि नर्सिंगला जाणारी मुलगी म्हटली की घरवाले खूश.

मग पैशाचं बोलू, कारण खरं कारण तेच असतं. मला रात्रीचे ४०० रुपये मिळायचे. पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट होती ती म्हणजे छप्पर आणि रात्रीचं जेवण. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटर, त्यात घाट, पुढे कुडाळ आणखी वीसेक. पावसाळ्यात समोरच्या गाडीचा दिवा दिसत नाही अशा धुक्यातून रोज जा-ये करणं शक्यच नव्हतं. काम सोडायचं म्हणजे ४०० रुपये सोडायचे एवढंच नव्हतं, राहायची जागाही सोडायची होती. तुम्ही हिशेब करताना हे धरा. पगाराच्या आकड्यात न दिसणारं काय काय जाणार आहे, ते आधी लिहून काढा.

आता दुसरी बाजू. आठवड्याचे तास १६८. बीएस्सी नर्सिंगच्या २०२१च्या नव्या अभ्यासक्रमात भारतीय परिचर्या परिषदेने आठवड्याला किमान ४० तास सांगितलेत. माझ्या सहा रात्री, प्रत्येकी ११ तास, म्हणजे ६६. एसटी आणि एसटीची वाट बघणं धरून १०. झाले ११६. उरले ५२, त्यात अभ्यास, कपडे, आंबोलीला जाऊन येणं, सगळं.

तुम्ही म्हणाल, त्या ६६ तासांत झोपही झालीच की. मीही तसंच धरलं होतं. रात्रपाळीला लोक झोपून मिळणारा पगार म्हणतात. पण दर दोन तासांनी उठायचं असेल, मध्येच 'गो चेडवा, पाणी दी' अशी हाक येत असेल, तर ती झोप नसते. ऑस्ट्रेलियातल्या विल्यमसन आणि फेयर या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की १७ ते १९ तास जागा राहिलेला माणूस काही चाचण्यांत रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका किंवा त्याहून वाईट वागतो. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे जी अवस्था स्कूटर चालवायला चालत नाही, त्या अवस्थेत मी पेशंटच्या उशाशी उभी राहत होते.

आणि व्हायचं ते झालंच. एका सकाळी सहा नंबरच्या पेशंटच्या गोळ्या मी नऊ नंबरच्या ट्रेमध्ये ठेवल्या. वॉर्डच्या सिस्टरांनी द्यायच्या आधी बघितलं, म्हणून निभावलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, 'काल झोपली होतीस का?' मी 'हो' म्हणाले. त्या खोट्याची मला चुकीपेक्षा जास्त लाज वाटली.

हजेरीचं गणितही आधीच समजून घ्या. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते, कारण काहीही असो. आणि पदवी हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे वॉर्डातला चुकलेला दिवस माफ होत नाही, नंतर भरून द्यावा लागतो. जीएनएमलाही साधारण हाच नियम. आंबोलीकरांचे काही दिवस पावसातच जातात, त्यामुळे उरलेली सूट पेशंटच्या घरी खर्च करायची की आजारपणासाठी ठेवायची, हे तुम्हीच बघा.

'अनुभव' म्हणतात त्याचं काय? तो मिळतो, नाही कसं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न दुखवता उचलणं, 'जेवले' म्हणणाऱ्या म्हातारीचं ताट तपासणं, हे मला पुस्तकाआधी आजींनी शिकवलं. पण कॉलेजच्या क्लिनिकलच्या तासांत त्यातला एक तासही धरला जात नाही. उलट एक धोका असतो. एका रात्री आजींना जुलाब झाले तर मुंबईहून त्यांच्या मुलाचा फोन, 'तू नर्सिंगला आहेस ना, मग लाव सलाईन.' मी नाही म्हणाले आणि डॉक्टरांना बोलावलं. ते आठ दिवस रागावले होते. तुम्हीही नाहीच म्हणा. नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी त्या घरात केअरटेकरच असते, लोक काहीही म्हणोत.

कुणी 'कमवा आणि शिका'चं उदाहरण देईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून ते आपल्या मनात बसलंय. पण तिथे काम शिक्षणाच्या वेळा बघून आखलेलं असे. माझ्या बाबतीत उलटं होतं, आजींच्या गोळ्यांच्या वेळा बघून शिक्षण आखलं जात होतं.

मी लगेच सोडलं नाही. आधी पैशाची दुसरी वाट शोधली. मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्य सरकारची सवलत आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी माफ होते. वसतिगृहाच्या भत्त्यासाठी पंजाबराव देशमुख योजना आहे. तुमचा कोर्स, तुमचं कॉलेज त्यात बसतं का, हे स्कॉलरशिपच्या खिडकीवर जाऊन विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. आणि ते पैसे मेसच्या बिलाच्या तारखेला येतील असं धरू नका.

म्हणून मधले चार महिने मी हॉस्टेलवर राहून फक्त शुक्रवार आणि शनिवारची रात्र केली. दोन्ही रात्रींनंतर सकाळी वॉर्ड नसायचा. मुलाला फोनवर हे सांगताना हात थरथरत होता, पण ते लगेच हो म्हणाले. मी आधी विचारलंच नव्हतं. तुम्हीही 'ठेवू की सोडू' एवढेच दोन पर्याय धरून बसू नका, आधी पाळ्या कमी करून मागा. ते नाही म्हणाले तर निदान कळेल तरी.

शेवटी सोडलं ते तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला. सगळ्यात अवघड भाग आजींना सांगण्याचा. 'तू गेलंस तर माका कोण बघतला?' असं त्यांनी एकदाच विचारलं, नंतर दोन दिवस बोलल्याच नाहीत. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधणं मुलाचं काम होतं, माझं नाही, हे समजायला मला वेळ लागला. माझ्या हातात एवढंच होतं की एक महिना आधी सांगायचं आणि नीट ओव्हर द्यायची. वॉर्डात पाळी बदलताना देतो ना, तशीच.

नवीन ताई आल्या तेव्हा मी दोन रात्री त्यांच्याबरोबर थांबले आणि एक वही दिली. गोळ्यांच्या वेळा, डाव्या कुशीवर जास्त वेळ ठेवू नये, रात्री दोनला हाक मारतात तेव्हा पाणी नको असतं, फक्त कुणी आहे का ते बघायचं असतं. शेवटच्या पानावर लिहिलं: साखरेचा चहा मागतील, देऊ नये. बिनसाखरेचा अर्धा कप चालेल, पण बशीत ओतून. कपातला पीत नाहीत.