पारलिंगी स्त्रियांच्या संप्रेरक उपचारांतील त्वचाबदल

जन्माच्या वेळी पुरुष अशी नोंद झालेल्या, परंतु स्वतःची ओळख स्त्री अशी असलेल्या व्यक्तींना पारलिंगी स्त्रिया म्हणतात. त्यांपैकी काही जणी वैद्यकीय देखरेखीखाली संप्रेरक उपचार घेतात. या उपचारांत इस्ट्रोजेन दिले जाते व टेस्टोस्टेरॉनची पातळी खाली आणली जाते. त्याचा परिणाम ज्या अवयवांवर तुलनेने लवकर दिसतो त्यांत त्वचेचा समावेश होतो. त्वचा मऊ व कमी तेलकट होते, मुरुम कमी होतात आणि अंगावरील केस विरळ होतात. दाढीचे केस मात्र केवळ औषधांनी जात नाहीत.

कारणमीमांसा

त्वचेतील तेलग्रंथी व केसांची मुळे या दोन्हींवर पुरुषी संप्रेरकांचा अंमल असतो. टेस्टोस्टेरॉनचे तेथे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात रूपांतर होते. त्यामुळे वयात येताना मुलांचा चेहरा तेलकट होतो, मुरुम येतात आणि लव जाऊन जाड, काळे केस येतात. संप्रेरक उपचारांत स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन यांसारखी औषधे हा अंमल कमी करतात, तर इस्ट्रोजेन त्वचेतील ओलावा टिकवण्यास मदत करते.

नेदरलँड्समधील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 21 पारलिंगी स्त्रियांच्या गालावरील व पोटावरील केसांची आणि त्वचेतील तेलाची वर्षभर, दर चार महिन्यांनी मोजणी करण्यात आली होती. उपचारांनंतर तेलाचे प्रमाण घटले, केसांची वाढ मंदावली व केस बारीक झाले.

कालक्रम

अंतःस्रावशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2017 सालच्या मार्गदर्शिकेनुसार त्वचेचा मऊपणा व तेलकटपणातील घट 3 ते 6 महिन्यांत सुरू होते. अंगावरील केसांतील घट 6 ते 12 महिन्यांनी सुरू होऊन तीन वर्षांहून अधिक काळ चालू राहते. डोक्यावरील केसांची गळती थांबू शकते, पण पूर्ण टक्कल पडलेल्या जागी केस परत येतीलच असे नाही. मात्रा वाढवल्याने हे बदल लवकर होतात असा समज प्रचलित आहे. त्याला आधार नाही, उलट धोका वाढतो.

कोरडेपणा व वांग

तेल कमी झाल्याने त्वचेला खाज सुटणे, साबण न सोसणे, नखे ठिसूळ होणे अशा तक्रारी येतात. त्वचा पातळ झाल्यामुळे पूर्वी ज्या सहजतेने वस्तरा किंवा मेण वापरले जाई, त्याच सहजतेने वापरल्यास ओरखडे व काळे-निळे डाग पडतात. हिजडा समाजात चिमट्याने दाढीचे केस उपटण्याची जुनी पद्धत आहे. तीत केस त्वचेच्या आत वळून वाढतात व हनुवटीवर काळे डाग राहतात. लेझर उपचार हा पर्याय असला तरी सावळ्या त्वचेत भाजण्याचा धोका अधिक असल्याने लांब तरंगलांबीचे यंत्र व अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ आवश्यक ठरतात. पांढऱ्या केसांवर लेझर निरुपयोगी असते. तेथे विद्युत्-विच्छेदनाची पद्धत वापरतात.

इस्ट्रोजेनमुळे रंग उजळतो ही समजूतही चुकीची आहे. गरोदरपणात अनेक स्त्रियांच्या गालांवर वांग येतो, तसाच तो इस्ट्रोजेन घेणाऱ्यांनाही येऊ शकतो व उन्हाने गडद होतो. यातून एक दुष्टचक्र सुरू होते. वांग घालवण्यासाठी औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना स्टिरॉइडयुक्त क्रीम आणले जाते. सुरुवातीला चेहरा उजळ दिसतो, पण काही आठवड्यांनी त्वचा पातळ व लाल होते, मुरुम येतात आणि ज्या चेहऱ्यावरील केस घालवण्यासाठी सारा खटाटोप चाललेला असतो तेथेच नवी लव वाढते. अशा क्रीमच्या मुक्त विक्रीवर भारत सरकारने 2018 साली निर्बंध आणले. वापर मात्र थांबलेला नाही.

स्वयंउपचार व धोक्याची चिन्हे

खर्च, लाज व रुग्णालयातील वागणूक यांमुळे अनेक जणी मैत्रिणीच्या किंवा गुरूच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या घेतात. त्यांतील बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडायोल असते. त्यामुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढत असल्याने या उपचारांसाठी ते टाळावे असे मार्गदर्शिका सांगतात. धूम्रपानाने हा धोका आणखी वाढतो. एका पोटरीला सूज, लाली व उष्णता येणे किंवा धाप लागणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची चिन्हे होत. अंगाला खाज व डोळ्यांत पिवळेपणा ही यकृताला इजा झाल्याची खूण असू शकते.

पारंपरिक निर्वाण म्हणजेच वृषणछेदनासह होणारे लिंगछेदन झालेल्या, पण पुढे इस्ट्रोजेन न घेणाऱ्या व्यक्तींच्या शरीरात दोन्ही संप्रेरके अत्यल्प राहतात. त्वचा कोरडी पडते हे दिसते. हाडे ठिसूळ होत जातात ते दिसत नाही. वृषण शाबूत असताना औषधे थांबवल्यास तेलकटपणा व केस परत येतात.

मुंबई व महाराष्ट्र

सांताक्रूझ पूर्वेतील वाकोला येथे ‘हमसफर ट्रस्ट’ या संस्थेचे केंद्र आहे. पत्रकार अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 1994 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे काम एचआयव्ही प्रतिबंधापासून सुरू झाले. तपासणी, समुपदेशन व योग्य डॉक्टरांकडे पाठवणी ही तिची कामे आहेत. मुंबईतील गोकुळदास तेजपाल या शासकीय रुग्णालयात 2023 साली तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या निकालानंतर आलेल्या 2019 सालच्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 15 मध्ये संप्रेरक उपचार व त्याआधीचे-नंतरचे समुपदेशन पुरवण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. कायद्यात त्वचेचा वेगळा उल्लेख नाही. प्रत्यक्षात दाढी काढण्याच्या लेझर उपचारांना बहुतेकदा ‘सौंदर्यवर्धन’ समजले जाते व खर्च स्वतःच करावा लागतो. रस्त्यात, लोकलच्या डब्यात किंवा नोकरीच्या मुलाखतीत ज्या व्यक्तीची ओळख हनुवटीवरील खुंटांवरून ठरते, तिच्यासाठी हे वर्गीकरण अन्यायकारक आहे, अशी तक्रार या समाजातून केली जाते.