ब्रिटिशकालीन चित्रपटगृहांच्या वास्तू : इतिहास आणि जतन

प्रस्तावना :
चित्रपटाचा इतिहास लिहिताना चित्रपट, दिग्दर्शक आणि कलावंत यांचा विचार प्राधान्याने केला जातो. ज्या वास्तूत प्रेक्षकांनी तो चित्रपट पाहिला, तिची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. या चित्रपटाचा काही भाग आजही पाहावयास मिळतो. तो दाखविणारे कॉरोनेशन मात्र नामशेष झाले आहे. ब्रिटिश काळात मुंबईत उभ्या राहिलेल्या चित्रपटगृहांचा इतिहास आणि त्यांच्या जतनाचे स्वरूप यांचा प्रस्तुत लेखात थोडक्यात आढावा घेतला आहे.

वास्तुप्रकाराचा उदय :
७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ झाला, तेव्हा चित्रपटासाठी स्वतंत्र इमारत अस्तित्वात नव्हती. हॉटेले, नाट्यगृहे आणि तंबू यांतच खेळ होत. त्या काळातील नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असल्याने आगीचा धोका मोठा होता. म्हणून ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने प्रक्षेपण यंत्र प्रेक्षागृहापासून वेगळ्या, अग्निरोधक खोलीत ठेवणे बंधनकारक झाले. भारतातही १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने प्रदर्शनस्थळास परवाना आवश्यक ठरविला. म्हणजेच चित्रपटगृहाची रचना केवळ सौंदर्यदृष्टीतून नव्हे, तर सुरक्षिततेच्या गरजेतूनही घडत गेली.

मुंबईतील प्रमुख वास्तू :
रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. बरोक शैलीतील ही वास्तू मुळात नाट्य-संगीतासाठी होती; पुढे तेथे चित्रपट दाखविले जाऊ लागले. बोलपट रूढ झाल्यावर १९३० च्या दशकात आर्ट डेको शैलीची चित्रपटगृहे उभी राहिली. कुलाब्याचे रीगल १९३३ मध्ये सुरू झाले. त्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स हे व्हिक्टोरिया टर्मिनसची रचना करणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे पुत्र होत. पित्याची गॉथिक वास्तू आणि पुत्राची आर्ट डेको वास्तू यांतून एका पिढीत बदललेली अभिरुची स्पष्ट होते. वातानुकूलन आणि मोटारींसाठी तळघरातील वाहनतळ ही रीगलची वैशिष्ट्ये होती. १९३८ मध्ये मेट्रो आणि इरॉस ही दोन चित्रपटगृहे सुरू झाली. मेट्रोची रचना न्यूयॉर्कचे थॉमस लॅम्ब यांची, तर इरॉसची सोराबजी भेदवार यांची होती.

जतनाचे स्वरूप :
दूरचित्रवाणी, व्हिडिओ आणि नंतर बहुपडदा चित्रपटगृहे यांमुळे एकपडदा चित्रपटगृहांचे अर्थकारण कोलमडले. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाचा दर्जा दिला. रीगल आणि इरॉस यांचा त्या समूहात समावेश आहे. परंतु दर्जामुळे इमारत पाडण्यास अटकाव होतो, प्रेक्षक मिळत नाही. १९९० च्या दशकात बंद पडलेले ऑपेरा हाऊस आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले. मेट्रोचे २००६ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहात रूपांतर झाले. बाह्यरूप राहिले, मूळ एकसंध प्रेक्षागृह मात्र विभागले गेले. २०१७ मध्ये बंद झालेले इरॉस २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा सुरू झाले. मूळ हेतूकडे परतणे, अंतर्भाग बदलणे आणि नवे तंत्र स्वीकारणे असे हे तीन मार्ग होत. प्रत्येक मार्गात काही टिकते व काही गमवावे लागते.

ब्रिटनचा अनुभवही याला पुष्टी देतो. लंडनमधील टूटिंग येथील ग्रॅनाडा हे १९३१ चे भव्य चित्रपटगृह १९७३ मध्ये चित्रपटांसाठी बंद झाले. त्यानंतर तेथे बिंगो हा खेळ सुरू झाला आणि त्या उत्पन्नावर वास्तू तगली. २००० मध्ये तिला प्रथम श्रेणीचे संरक्षण मिळाले. तात्पर्य, नियम वास्तूला आधार देतो. तिला जिवंत ठेवतो तो तिचा वापर.

समारोप :
वाशी परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता; त्यामुळे मुंबईतील या वास्तू येथील वाचकास दूरच्या वाटणे स्वाभाविक आहे. तथापि प्रश्न समान आहे. ग्रामीण महाराष्ट्राने चित्रपट पाहिला तो बहुतांशी जत्रांतील तंबूंत आणि तालुक्याच्या गावांतील साध्या टॉकीजमध्ये. या वास्तूंना कोणतीही वारसा श्रेणी नाही, त्यांचे नकाशे कोणी जपलेले नाहीत आणि त्या पाडल्या गेल्यास विरोधही होत नाही. सर्वच इमारती वाचविणे शक्य नाही. नोंद ठेवणे मात्र शक्य आहे. इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांकरवी परिसरातील टॉकीजची छायाचित्रे, आसनसंख्या, परवान्यांची कागदपत्रे, भित्तिपत्रके तसेच प्रक्षेपण यंत्र चालविणाऱ्यांच्या व प्रेक्षकांच्या आठवणी संकलित कराव्यात. तंबूंतील खेळ आठवणारी पिढी आज वृद्धापकाळात आहे. कॉरोनेशनबाबत जे घडले, त्याची पुनरावृत्ती टाळण्यासाठी हे काम आताच हाती घेणे आवश्यक ठरते.