उघड्यावरील लाकडी डेक : तेल, व्हार्निश की रंग?

कृषी पर्यटन केंद्रातील बैठकीचा डेक, शेततळ्याकाठचे मचाण किंवा फार्महाउससमोरील लाकडी ओटा यासाठी साग, ऐन, किंजळ असे कठीण लाकूड वापरले जाते. लाकूड चांगले असले की ते आपोआप टिकते, असा समज असतो. मात्र उघड्यावर चार-पाच पावसाळ्यांत फळ्या काळवंडतात, भेगाळतात आणि खिळ्यांजवळ कुजू लागतात. वरून धड दिसणारी फळी खालून मऊ झालेली असेल, तर पर्यटकाचा पाय आत जाऊन अपघात होऊ शकतो. त्यामुळे योग्य लेप निवडणे हे केवळ सजावटीचे काम नाही.

लाकूड खराब का होते?

- ऊन : अतिनील किरणांमुळे लाकडातील लिग्निन विघटित होते. पृष्ठभाग राखाडी होतो, तंतू सुटे होतात.
- पाणी : लाकूड भिजले की फुगते, वाळले की आकसते. या चढउतारामुळे भेगा पडतात.
- बुरशी : लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिल्यास कुजवणाऱ्या बुरशीची वाढ होते.
- वाळवी : लाकूड मातीला टेकलेले असल्यास प्रादुर्भाव लवकर होतो.

सागाचा फक्त गाभा टिकाऊ असतो. सालीलगतचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी लवकर कुजते, कोणताही लेप त्याला फार काळ वाचवत नाही. खरेदी करतानाच अशा फळ्या बाजूला काढाव्यात.

लेपांचे प्रकार

१) व्हार्निश व पॉलियुरेथेन : लाकडावर चकचकीत पापुद्रा तयार होतो. छपराखालील दारे-खिडक्यांसाठी हे ठीक आहे. डेकवर मात्र वर्दळ, ऊन आणि लाकडाचे आकुंचन-प्रसरण यांमुळे पापुद्र्याला बारीक चिरा जातात. त्यातून पाणी आत शिरते, पण लवकर बाहेर पडत नाही. लाकूड आतून कुजते आणि पुन्हा लेप देताना जुना थर पूर्ण खरवडावा लागतो.

२) ऑईल पेंट : ऊन चांगले अडवतो. कठड्यासाठी, खांबांसाठी योग्य. पायाखालच्या फळ्यांवर सोलपटतो.

३) आत मुरणारे तेल : पापुद्रा तयार होत नसल्याने सोलपटत नाही. झिजलेल्या जागी फक्त धुऊन, घासून पुन्हा तेल देता येते. बाहेरील वापरासाठीचे, बुरशीनाशक व रंगद्रव्य असलेले डेक ऑईल निवडावे. रंगद्रव्यामुळे ऊन अडते. पूर्ण पारदर्शक तेल ऊन फारसे अडवत नाही.

४) जवसाचे तेल : स्वस्त पर्याय. कच्चे तेल वाळायला फार वेळ घेते, म्हणून दुकानात मिळणारे डबल बॉईल्ड तेल घ्यावे. ते खाण्यायोग्य नसते. नुसत्या जवस तेलावर दमट हवेत काळी बुरशी येते, म्हणून कोकणात ते टाळावे. कमी पावसाच्या भागात दरवर्षी हात देण्याची तयारी असेल तर चालते.

५) काजू टरफल तेल : कोकणात होड्या व लाकडासाठी पूर्वापार वापरात आहे. रंग गडद येतो. कच्चे तेल त्वचेला लागल्यास फोड येतात. त्यामुळे लोक अनवाणी वावरतात किंवा बसतात अशा फळ्यांवर ते लावू नये.

६) जळके ऑईल : अनेक ठिकाणी फुकट मिळते म्हणून लावले जाते. ते वाळत नाही, फळ्या निसरड्या होतात, कपडे खराब होतात आणि पावसाबरोबर विषारी घटक माती व पाण्यात जातात. शेततळ्याजवळ तर ते अजिबात वापरू नये.

थोडक्यात, पायाखालच्या फळ्यांना रंगद्रव्ययुक्त तेल आणि कठडा-खांबांना तेल किंवा रंग, ही विभागणी बहुतेक ठिकाणी योग्य ठरते.

लावण्याची पद्धत

- पावसाळ्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्यावे. पाण्याचे थेंब टाकून पाहावेत. ते काही मिनिटांत मुरले तर लाकूड तेल घेण्यास तयार आहे.
- ८० नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासावे. अति गुळगुळीत केल्यास तेल कमी मुरते. धूळ झटकून काढावी.
- सागात नैसर्गिक तेल असते. लेप देण्यापूर्वी टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसावे.
- कडक उन्हात लावू नये. सकाळी किंवा सावलीत पातळ हात द्यावा.
- १५ ते २० मिनिटांनी न मुरलेले तेल पुसून घ्यावे. कठीण लाकूड तेल कमी शोषते. वर राहिलेले तेल चिकट होते व धूळ धरते.
- फळ्यांची कापलेली टोके सर्वाधिक पाणी ओढतात. तेथे दोन-तीन हात द्यावेत. शक्य असल्यास फळ्या बसवण्यापूर्वी खालची बाजूही तेलवून घ्यावी.

महत्त्वाचे : जवस किंवा डेक ऑईलने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. गवत, कडब्याच्या गोठ्याजवळ हा धोका मोठा असतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात.

लेपाइतकीच बांधणी महत्त्वाची

दोन फळ्यांत ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवावी. खांब मातीत न पुरता काँक्रीट किंवा दगडाच्या बैठकीवर उभे करावेत. साध्या लोखंडी खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. ऐनासारख्या टॅनिनयुक्त लाकडात लोखंडाभोवती काळे डाग पडतात. फटींतील पालापाचोळा काढत राहावा.

दरवर्षी दिवाळीनंतर आणि मे महिन्यात तपासणी करावी. पाणी थेंबाच्या रूपात उभे राहत नसेल, तर पुन्हा एक हात द्यावा. मे महिन्यातील हात पहिल्या पावसाआधी पूर्ण वाळला पाहिजे. सांध्यांजवळ व खालच्या बाजूने पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर ती फळी बदलावी. कुजलेल्या लाकडावर तेल देऊन उपयोग नाही.